कामिनी, ऊठ

भिवापूरच्या बस स्टँडवर उतरल्या उतरल्या कामिनीला तिचाच चेहरा दिसला. पानठेल्याच्या डोक्यावर बांबूंना ताणून बांधलेला फ्लेक्स होता. वर मोठ्या अक्षरांत ‘जीवनझरा मंडळी, भिवापूर : सुवर्णमहोत्सव’, डाव्या कोपऱ्यात हातात माईक घेतलेला पास्टर अमोल, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, आणि मधोमध ती. फोटो जुना होता, कोणाच्या तरी लग्नातून कापून घेतलेला. तिच्या डोक्याभोवती पिवळा उजेड सोडला होता आणि खाली लाल रंगात लिहिलं होतं, ‘मरणातून उठवलेली! जिवंत साक्ष ऐका!’

गावात एवढा मोठा फोटो एकतर निवडणुकीला उभं राहिल्यावर लागतो, नाहीतर मेल्यावर. पानठेलेवाल्यानं फ्लेक्सकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“तुमीच का जी?”

“हाव.”

“मले वाटलं, गेल्या.”

ती हसली आणि चालायला लागली. स्टँडपासून मंडळीच्या हॉलपर्यंतचा रस्ता ती पूर्वी बोलता बोलता कापायची. आता वाटेत थांबावं लागत होतं. थांबली की ती दुकानात टांगलेल्या बादल्या बघायची, म्हणजे कोणाला वाटू नये की बाई दम घेते आहे. मिरचीचे दिवस होते. गावाबाहेरच्या सातऱ्यांवर, मिरची वाळवायच्या मोकळ्या आवारांत, लाल ढीग पडले होते, देठं खुडायला बायकांची रीघ लागली होती आणि हवेत तो ओळखीचा ठसका होता. निरोगी माणसालाही खोकला येईल अशी हवा, त्यामुळे तिच्या खोकण्याकडे कोणी वळून पाहिलं नाही.

हॉलच्या फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत नत्थूजी बसले होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, काठी मांड्यांवर आडवी.

“आली का वं पोरी?”

तिला पोरी म्हणणारे आता तेच उरले होते. नागपुरात प्रतापनगरच्या इमारतीत ती दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडम होती, लकडगंजच्या लाकडाच्या वखारीत, जिथं ती कार्यालय सांभाळायची, कामिनीबाई, आणि इथं फाटकाच्या आत ‘साक्षीवाली ताई’.

“आली काका. बसू का थोडी?”

“बस ना. काहून विचारते?” त्यांनी काठीनं शेजारची खुर्ची ओढली. गोंदियाहून आलेले एक पाहुणे त्यांच्यासमोर उभे होते, त्यांना ते मंडळीचा इतिहास सांगत होते. कामिनीनं तो इतक्यांदा ऐकला होता की मधूनच सुरू झाला तरी तिला जागा सापडायची.

“तर चाको पास्टर केरळातून आला. सायकल, एक झोरा, अन् मराठी अशी की बोलला तर गाय पण वळून पाहे. हिच्या बाबानं, रामाजीनं, त्याले सातरा दिला सभेले. रामाजी मिरचीचा मापारी होता ना. दिवसभर मिरची तुडवलेली जागा ते! लोकं बसले, पास्टरनं हात वर केले, अन् इकडे सगळ्यायच्या डोळ्यातून पाणी. खोकून राहिले, शिंकून राहिले, नाकं पुसून राहिले. पास्टरले वाटलं, आत्मा उतरला. तो गुडघ्यावर! आमी म्हटलं, हा माणूस पडला का काय, म्हणून आमी वाकलो. अशी पहिली सभा झाली.”

पाहुणे हसावं की नाही या विचारात पडले. “त्यांना नंतर कळलं का?”

“रामाजीनं सांगतलं, लय वर्सानं. पास्टर हसून हसून खोकला. म्हणे, आत्म्याले मिरची चालते.”

कामिनी हसली. हसताना श्वास अडकला आणि तिनं खुर्चीचा हात धरला. नत्थूजींनी ते पाहिलं.

इतिहासाचा पुढचा भाग ते कधी सांगत नसत. तो माईकवरून सांगितला जायचा. पहिल्या सभेनंतरच्या थंडीत रामाजीच्या सहा वर्षांच्या कामिनीला ताप भरला. गुडघे, कोपरं, घोटे सुजले. त्या काळी चाको पास्टरांच्या शिकवणीत औषध बसत नव्हतं. पास्टर आले, कपाळावर तेल लावलं, म्हणाले, ‘कामिनी, ऊठ,’ आणि ती उठून बसली. त्या घटनेवर ही मंडळी उभी राहिली. कामिनीच्या आईनं, प्रयागबाईनं, आणि रामाजींनी नदीच्या डोहात बाप्तिस्मा घेतला. पास्टरांच्या रीतीप्रमाणे प्रयागबाईनं मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सगळं काढून ठेवलं. ओल्या पांढऱ्या लुगड्यात ती घरी आली, तेव्हा तिच्या मोठ्या जावेनं दारातूनच विचारलं होतं, “रामाजी बुडाले का वं?”

जे सांगितलं जात नव्हतं ते एवढंच. त्याच आठवड्यात, पलीकडच्या गल्लीत नत्थूजींच्या बायकोला, पार्वतीबाईला, ताप होता. पास्टर त्याच तेलाची बाटली घेऊन त्याही घरी गेले होते. त्या घरी कोणी उठलं नाही. तरीही बाप्तिस्म्याला नत्थूजी रामाजींच्या बरोबरीनं डोहात उतरले आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्धापनदिनाला, कामिनी उभी राहिली की सगळ्यांत आधी हालेलुया म्हणत. व्यासपीठावर मात्र ते कधी चढले नाहीत. प्रार्थनेसाठी कोणाच्या डोक्यावर त्यांनी हातही ठेवला नव्हता. विचारलं तर म्हणत, “मले फाटक पाहू द्या.”

*

अमोल आरशासमोर टाय बांधत होता. हॉलला लागूनच त्याचं घर होतं. भिंतीपलीकडून कीबोर्डवाल्यानं सूर लावून पाहिल्याचा आवाज येत होता.

“मंगळवारी ऑपरेशन आहे,” कामिनी म्हणाली.

“कोनाचं?”

“माझं. हृदयाची झडप खराब झाली. बदलणार आहेत.”

टायची गाठ तशीच ठेवून तो पलंगावर बसला. बसला तेव्हा तो पास्टर राहिला नव्हता. ती शाळेतून येईपर्यंत ओट्यावर वाट पाहणारा लहान अमोल तिला क्षणभर दिसला.

“कधीपासून?”

“दम दोन वर्सांपासून लागते. कळलं दिवाळीनंतर.”

“अन् आता सांगून राहिली?”

“फोन केला होता. तू फ्लेक्ससाठी फोटो मागून राहिला होता.”

त्यानं मान खाली घातली. “मी येतो मंगळवारी. सकाळीच येतो. सोबत कोण आहे तुझ्या?”

“भाऊ, असं सांगून आले मी.”

नर्सनं विचारलं होतं आणि तिच्या तोंडून तेच निघालं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं वेगळंच. ‘लहानपणी मोठा ताप येऊन सांधे सुजले होते का? तशा तापानं झडप दुखावते. तेव्हा कळत नाही, वय झाल्यावर बोलते.’ ज्या तापाची गोष्ट ती दरवर्षी भर सभेत उभी राहून ऐकत आली होती, त्या तापाबद्दल ती डॉक्टरांना म्हणाली होती, ‘आठवत नाही.’ का, ते तिला बसमध्येही उमजलं नव्हतं. हे तिनं अमोलला सांगितलं नाही.

“अजून एक आहे,” ती म्हणाली. “आज तू आजाऱ्यांना पुढं बोलावशील, तेव्हा मीही येणार.”

“तू पुढंच असते ना. तेल घेऊन.”

“तेल दुसरं कोणी धरेल. मी रांगेत बसेन.”

अमोलला समजायला वेळ लागला. समजलं तसा तो उठला आणि दाराकडे गेला. “त्यात काय आहे? आता करतो प्रार्थना. इथंच करतो. मेघाले बोलावतो, तिघं मिळून करू. दार लावतो.”

“दार लावून नको.”

“काहून?”

“सगळ्यांची उघड्यावर होते. माझीच काहून दार लावून?”

“ताई, बाहेर तुझा फोटो लावला आहे.”

“मी लावला का गा?”

तो येरझाऱ्या घालू लागला. खोली लहान होती, चार पावलांत भिंत येत होती. “तुले माहीत नाही काय चालू आहे. तरुण पोरं नागपूरच्या मोठ्या सभांमध्ये जाऊन राहिले. तिथं लाईट आहे, बँड आहे, स्क्रीन आहे. आपल्याजवळ काय आहे? आपल्याजवळ तू आहेस. आज गोंदिया, वर्धा, चंद्रपूर, सगळीकडून पास्टर आले. आजच हा नवा हॉल उघडून राहिलो. अन् आजच तू रांगेत बसणार? ऑपरेशनले मी नाही म्हटलं का? आता औषधाले कोणी नाही म्हणत. माझ्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या त्या कपाटात आहेत.”

“कपाटात आहेत.”

तो थांबला. तिला त्याला लावून बोलायचं नव्हतं. ती म्हणाली, “मला भेव लागून राहिलं, अमोल. ज्याले भेव लागते तो या मंडळीत पुढं येऊन बसतो. लहानपणापासून पाहते मी. कोणाचं पोट दुखते, कोणाचं पोरगं नापास होते, सगळे येतात. मी बाटली धरून उभी राहते. त्या दिवसानंतर माझ्या डोक्यावर कोणी हात नाही ठेवला.”

“कारण तू बरी झाली होती.”

“हाव.”

“भाऊ म्हणून मी येतो म्हटलं ना मंगळवारी.”

“मले पास्टरही पाहिजे होता.”

दारावर टकटक झाली. वर्ध्याचे पाहुणे आले होते. अमोलनं गाठ वर सरकवली, आरशात पाहिलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “आज नको, ताई. हात जोडतो.” त्यानं खरोखरच हात जोडले होते.

*

मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलींवर मोठी पातेली चढली होती. मेघा, अमोलची बायको, वांग्यांची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. बायका आजूबाजूला असेपर्यंत ती काही बोलली नाही. त्या पाणी आणायला गेल्या तशी म्हणाली, “मला सांगितलं ह्यांनी. लय वाईट वाटलं, ताई. पण आजच्या दिवस जाऊ द्या ना. रात्र रात्र झोपले नाहीत हे. तुम्ही परत नागपूरले जाल. इथं लोकांच्या तोंडाला तोंड आम्हाला द्यावं लागते.”

“मी कोणाशी भांडायला नाही आले, मेघा.”

“ते तर आणखी कठीण आहे.”

कामिनीनं विळी पुढं ओढली आणि वांगी चिरायला लागली. बराच वेळ दोघी चिरत राहिल्या. मग मेघा खालच्या आवाजात म्हणाली, “वंदना आठवते? शिलाईवाली?”

“ब्लाउज शिवते ती?”

“शिवायची. गेल्या वर्षी तुम्हाला उभं राहताना पाहिलं, अन् घरी जाऊन शुगरची सुई बंद केली तिनं. कोणाला सांगितलंही नाही. म्हणे, ताई उठू शकते तर मी काहून नाही. बेशुद्ध पडली तेव्हा मीच तिला गाडीत टाकून उमरेडला नेलं.”

“मग?”

“वाचली. पाय कापावा लागला. आज येते ती पण. पहिल्या रांगेत बसते.” मेघानं चिरलेली वांगी पाण्यात टाकली. “ह्यांना माहीत आहे. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.”

कामिनीचा हात विळीवर थांबला होता. उभं राहणं म्हणजे आईचं मन राखणं, असंच तिनं आजवर धरलं होतं. तिच्या उभं राहण्यानं कोणाच्या घरात काय होतं, हा विचार तिला शिवला नव्हता.

“तुम्ही रांगेत बसल्या तर मी आडवी येणार नाही,” मेघा म्हणाली. “पण तुमच्या बाजूनंही उभी राहणार नाही. खरं सांगते, राग मानू नका. मला इथंच राहायचं आहे.”

“नाही मानत.”

पाणी घेऊन बायका आल्या. मेघानं पदर डोक्यावर घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, “ताई, तुम्ही कशाला वांगी चिरता? आज तर तुमचा दिवस.”

*

प्रयागबाई सकाळपासूनच तयार होऊन बसली होती. पांढरी साडी, डोक्यावर पदर, पायात मोजे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. अमोल ऑपरेशन करू म्हणायचा आणि ती म्हणायची, जे पाहायचं ते पाहून झालं. कामिनी जवळ बसली तसा तिनं लेकीचा चेहरा बोटांनी चाचपला.

“किती बारीक झाली वं. जेवते का नाही?”

“जेवते माय.”

“एकटीसाठी करत नसशील काही.”

कामिनीनं सांगून टाकलं. ऑपरेशन, मंगळवार, झडप. प्रयागबाईचा हात लेकीच्या गालावरून निघून स्वतःच्या मांडीवर गेला.

“तुले बरं केलं होतं.”

“हाव माय. केलं होतं.”

“मग?”

“मग पुन्हा झालं.”

“त्याच्या हातानं बरं झालेलं पुन्हा होत नसते.”

खिडकीतून माईकची चाचणी ऐकू येत होती. हॅलो, हॅलो, हालेलुया. प्रयागबाई तिकडे कान देऊन बसली. मग म्हणाली, “दुखते का?”

“दुखत नाही. दम लागते. जिना चढताना.”

“मलेही लागते.”

“तू ऐंशीची झाली, माय.”

प्रयागबाई तोंडावर पदर घेऊन हसली. हसू ओसरल्यावर ती वेगळ्याच आवाजात बोलू लागली, सभेतल्या आवाजात नव्हे. “मी बोलत नव्हती वं. सासऱ्यासमोर माह्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. जावा म्हणत, मुकी आणली. तू उठली त्या दिवशी मी पहिल्यांदा लोकांसमोर बोलली. सातऱ्यावरच्या बायायसमोर. तेवढंच एक येते मले सांगता. दुसरं काही नाही येत. तू उभी राहशील ना?”

ताप होता, एवढंच तिनं पहिल्यांदा सांगितलं होतं. काही वर्षांनी शुद्ध हरपली. रामाजी गेल्यावर श्वास थांबला. अमोल पास्टर झाल्यावर शरीर थंड पडलं. कामिनीनं हे एकेक पाऊल उभं राहून ऐकलं होतं आणि कधी दुरुस्त केलं नव्हतं. तिला आठवायचं ते थोडं होतं. खोबरेल तेलाचा वास असलेला एक जड तळवा, भयंकर तहान, आणि पाण्यासाठी उठून बसली तेव्हा पलीकडच्या गल्लीतून आलेलं रडणं. प्रयागबाईनं उठून खिडकी लावली होती.

“राहशील ना?”

“राहीन, माय.”

“मग झालं.” प्रयागबाईनं सुस्कारा सोडला. लेकीनं उभं राहायला होकार दिला, म्हणजे बाकीचं सगळं मिटलं, असा तो सुस्कारा होता. पुढचं सांगायला कामिनीनं तोंड उघडलं होतं. ते तिनं मिटलं.

*

हॉल भरला होता. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. बायकांची बाजू सगळी पांढरी, एकीच्याही गळ्यात सोन्याचा मणी नाही. पहिल्या रांगेत वंदना होती. साडीच्या निऱ्या एका बाजूला सपाट पडल्या होत्या आणि खुर्चीला कुबडी टेकवलेली होती. तिनं कामिनीकडे पाहून दोन्ही हात उंचावले. चेहऱ्यावर तक्रारीचा लवलेश नव्हता. कामिनीला ते पाहवलं नाही.

गाणी झाली. टाळ्यांचा आवाज नव्या फरश्यांवरून घुमून परत येत होता. मग अमोलनं आईला हाताला धरून माईकपाशी खुर्चीत बसवलं आणि प्रयागबाई बोलू लागली. बायका पदर सावरून पुढं सरकल्या. ती चांगलं सांगायची. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, तिला कोणी शिकवलं नव्हतं. ताप आला, सूज आली, शुद्ध गेली, श्वास गेला, अंग थंड पडलं.

“अन् पास्टर म्हणाले,” ती म्हणाली आणि थांबली. सगळा हॉल थांबला. “कामिनी, ऊठ.”

कामिनी उठली. छातीत काहीतरी फडफडत होतं, पण ती सरळ उभी राहिली. फाटकाजवळून नत्थूजींचा हालेलुया आला, आणि मग सगळे उभे राहिले. प्रयागबाईच्या चेहऱ्यावर तिला न दिसणाऱ्या गर्दीकडे वळलेलं हसू होतं. कामिनीनं ते डोळे भरून पाहिलं. हे खोटं नव्हतं. ती उठली होतीच.

“जे आजारी आहेत, ओझ्याखाली दबलेले आहेत, त्यांनी पुढे यावं,” अमोल म्हणाला. त्याची व्यासपीठावरची भाषा घरातल्यापेक्षा वेगळी होती, धुतलेली. लोक येऊ लागले, व्यासपीठासमोर ओळीनं गुडघे टेकू लागले. वंदनाला दोघींनी आणून खुर्चीतच बसवलं. रिवाजाप्रमाणे कामिनी बाटली घेऊन अमोलजवळ गेली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत आभार होते.

तिनं बाटली त्याच्या हातात दिली. मग वळून ती ओळीच्या टोकाला, वंदनाच्या पलीकडे, जमिनीवर बसली.

गुडघे टेकायला जमलं नाही. ती मांडी घालून बसली आणि मान खाली घातली. नव्या फरशीचा गारवा तिला साडीतून लागला. तिच्या मागं कुजबुज झाली, वांग्याच्या रश्शाच्या वासासारखी हळूहळू सगळ्या हॉलभर पसरली आणि मग एकदम बंद पडली. कीबोर्डवाला मात्र डोळे मिटून वाजवत राहिला.

अमोलनं दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. बोट तेलात, बोट कपाळावर, तळवा डोक्यावर, हळू आवाजात प्रार्थना. ती खाली पाहत होती, तिला फक्त त्याचे पॉलिश केलेले बूट जवळ येताना दिसत होते. वंदनाच्या खुर्चीपाशी ते थांबले. वंदनासाठी त्यानं बरीच लांब प्रार्थना केली. आवाज मधेच फुटला. मग बूट तिच्यासमोर आले.

ते तिथं थांबले. बाटलीतून तेलाचा एक थेंब फरशीवर पडला. कामिनीनं त्या थेंबाकडे पाहिलं.

“मेघा,” व्यासपीठावरून प्रयागबाईचा आवाज आला. तिच्यासमोरचा माईक कोणी बंद केला नव्हता. “अमोल काहून थांबला? समोर कोण बसली आहे?”

आजच्या दिवशी सगळ्याच पांढऱ्या साड्यांत होत्या. प्रयागबाई डोळे बारीक करून त्या पांढऱ्या ओळीत पाहत राहिली.

“कामिनीताई आहे, आई,” मेघा म्हणाली. बाजूनं उभी राहणार नाही म्हणाली होती. ती उभी नव्हतीच, बायकांत बसूनच बोलली होती, पण सगळ्यांना ऐकू आलं.

माईक चालू होता आणि त्या म्हातारीचा श्वास चारही स्पीकरमधून हॉलभर ऐकू येत राहिला. आत, बाहेर. आत, बाहेर. कामिनीला वाटलं, कोणीतरी तो माईक बंद करावा.

बूट वळले. अमोल व्यासपीठाच्या पायरीपर्यंत गेला आणि तिथं पाठमोरा उभा राहिला. त्यानं पुढचं गाणं सांगितलं नाही. पाहुण्या पास्टरांपैकी कोणी पुढं आलं नाही. दुसऱ्याच्या मंडळीत न विचारता हात घालायची त्यांच्यात पद्धत नव्हती. ओळीतले बाकीचे उठून आपापल्या जागी गेले आणि मोकळ्या फरशीवर कामिनी एकटी उरली. उठून जाता येईल का, याचा तिनं अंदाज घेतला. आधाराला काही नव्हतं.

काठीचा आवाज पाठीमागून आला. फाटकापासून मधल्या वाटेनं, फार हळू. ती वाट लांब होती आणि म्हाताऱ्या माणसाला घाई नव्हती. काठी तिच्या शेजारी फरशीवर ठेवली गेली. मग गुडघ्यांची कटकट आणि एक कण्हणं. नत्थूजी तिच्याजवळ खाली बसले होते.

त्यांचा हात आला तो आधी तिच्या खांद्यावर पडला. मग चाचपडत डोक्यावर गेला. तेल नव्हतं. हात कोरडा होता आणि त्यांना शब्द सापडत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांना अशा शब्दांची सवय राहिली नव्हती.

“हिले बरं वाटू दे,” ते म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, “भेव नको लागू दे.”

एवढीच प्रार्थना होती. आमेन म्हणायला कोणाला सुचलं नाही. कामिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं, इथं आत मिरचीची हवा नसतानाही. तिनं एक हात फरशीवर टेकला आणि उठायचा प्रयत्न केला. प्रार्थना झाली की उठायचं असतं, आणि तिला तर उठायचीच सवय होती.

नत्थूजींनी डोक्यावरचा हात काढला नाही.

“राहू दे,” ते म्हणाले. “बसून राय, पोरी.”